पळून नाही, सांगून: माणदेशी मुलीच्या विवाहाचे एक प्रकरण

पुढील प्रकरण प्रातिनिधिक आहे. आंतरजातीय विवाह करू इच्छिणाऱ्या जोडप्यांना सल्ला देताना जे पेच वारंवार समोर येतात, ते एकाच मुलीच्या हकिकतीत गुंफून येथे मांडले आहेत, आणि म्हणूनच यात कोणालाही नाव दिलेले नाही. कायद्याच्या तरतुदी आणि स्थळे मात्र खरी आहेत. आमच्या नोंदवहीत अर्जदार स्त्री चोवीस वर्षांची, कमावती आणि रात्रपाळीत एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणारी असली, तरी तिची नोंद 'मुलगी' अशीच होते. ही सवय चांगली नाही हे मला ठाऊक आहे. पण गाव, मामा, पोलीस आणि नोंदणी कार्यालय या सर्वांनी तिला शेवटपर्यंत मुलगीच म्हटले, म्हणून तोच शब्द ठेवतो.

माण

मुलगी सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातली. म्हसवड आणि दहिवडी यांच्या आसपासचा हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. बाजरी, मेंढरे आणि पोट भरण्यासाठी घर सोडणारी माणसे ही त्याची जुनी ओळख. 2012–13 च्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती आणि आज्ज्याबरोबर घरची जनावरे घेऊन म्हसवडच्या चारा छावणीत राहिली होती. छावणीत चारा मोजून मिळे. वाटप चालू असताना काट्याशी उभी राहून ती आकडे मोठ्याने वाचत असे, आणि वजन कमी भरले तर पेंढी उचलू देत नसे. हा प्रसंग तिने पहिल्याच भेटीत सांगितला, तोही स्वतःच्या कौतुकासाठी नव्हे, तर तिच्या घरचे तिला 'काटा' का म्हणतात याचा खुलासा म्हणून. पुढे सगळ्या प्रकरणात तिचे वागणे ज्या रीतीचे राहिले, ती रीत मला त्या काट्याशी उभ्या असलेल्या पोरीतच दिसते. मोजमाप सर्वांसमोर व्हावे असा तिचा आग्रह असतो, आणि ते चुकले तर भांडायला तिला संकोच वाटत नाही.

दहावीनंतर तिचे लग्न ठरवण्याची भाषा झाली तेव्हा मोठ्या भावाने तिची बाजू घेतली. बारावीनंतर तीन वर्षांच्या जीएनएम नर्सिंगच्या शुल्कासाठी त्याने आपल्या वाटणीची बकरी विकली. हे इथेच सांगून ठेवायला हवे, कारण पुढे या विवाहाला लेखी हरकत घेणारा माणूस तोच आहे, आणि त्याला केवळ खलनायक म्हणून वाचले तर हे प्रकरण समजणार नाही.

मुंबई

नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्यावर ती मुंबईस आली आणि आठ महिने मामांकडे राहिली. मामा माथाडी कामगार आहेत. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये त्यांनी आयुष्य काढले आणि घर कोपरखैरण्याला केले. सातारा जिल्ह्यातून आलेल्या माथाडींच्या वस्तीत शेजारी म्हणजे बहुधा कोणाचा तरी पाहुणाच असतो. म्हणजे गाव सोडूनही मुलगी गावातच होती: ती किती वाजता घरी आली, हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणला कळत असे. परळच्या एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळ्या सुरू झाल्यावर रोजचा प्रवास झेपेना, तेव्हा इतर तीन परिचारिकांबरोबर तिने रुग्णालयाजवळच्या जुन्या चाळीत खोली घेतली. भाडे चौघींत वाटले जाई. पगाराचे खाते तिच्या नावावर होते, त्यातून दरमहा ठरावीक रक्कम घरी जात होती, आणि खोलीच्या कुलपाची एक किल्ली तिच्याकडे होती.

या किल्लीला मी इतके महत्त्व का देतो, हे सांगायला हवे. प्रेम शहरामुळे जमते असे मला वाटत नाही. माणच्या एसटी स्टँडवरही ते जमते. मात्र जमल्यानंतर विचार करायला जी सवड लागते, ती स्वतःच्या किल्लीवाचून बाईला क्वचितच मिळते. तिला ती मिळाली.

मुलगा त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. दोघांची पहिली ओळख भांडणाने झाली. तिच्या वॉर्डातून गेलेला रक्ताचा नमुना 'हिमोलाइज' झाला, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, असे सांगून प्रयोगशाळेने तो परत मागितला. असा नमुना तपासला तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते, त्यामुळे मागणी योग्यच होती. परंतु आठवड्यात तिसऱ्यांदा हे घडल्यावर रात्री अडीच वाजता तिने फोनवर सांगितले की, सुई बरोबर आहे, हात बरोबर आहे, आता चौथ्यांदा रक्त काढायचे असेल तर तुम्ही वर येऊन पेशंटच्या बायकोला तोंड द्या. मुलगा खरोखरच वर आला. त्याने तिला रक्त काढताना पाहिले, काही न बोलता नळी हातात घेतली आणि नमुने नेणाऱ्या माणसाच्या मागोमाग खाली गेला. डबा जिन्यावरून कसा हिसकत नेला जातो आणि खाली पोहोचल्यावर किती वेळ तसाच पडून राहतो, हे त्याने पाहिले, आणि दुसऱ्या रात्री फोन करून म्हणाला, "सिस्टर, चूक आमच्याकडची होती."

"चूक आमची होती असं सांगायला फोन करणारा मानूस मी पयल्यांदाच बघितला," हे तिचे वाक्य मी जसेच्या तसे नोंदले आहे.

त्यानंतरचे दीड वर्ष मी थोडक्यात सांगतो, कारण ते दोघांचे आहे. रात्रपाळी संपल्यावर स्टेशनापर्यंतचे चालणे, टपरीवरचा चहा, सुटीच्या दिवशी फाइव्ह गार्डन्समधला बाक. तिच्या डब्यातला खर्डा त्याला सोसत नसे, आणि त्याच्या आईने पाठवलेल्या बांगड्यातले काटे तिला काढता येत नसत. एक अडचण मात्र मोठी मजेशीर होती. रुग्णालयात प्रत्येक परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात, आणि तोही तिला तसेच म्हणत आला होता. एके दिवशी त्याने फोनवर 'सिस्टर' न म्हणता 'अहो' म्हटले, आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने ते ऐकले. प्रयोगशाळेला ही बातमी अशी समजली. तिच्या म्हणण्याप्रमाणे, तिला स्वतःलाही ती तेव्हाच समजली.

मुलाचे कुटुंब मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले, 1956 नंतर बौद्ध झालेले, आणि तीन पिढ्या नायगावच्या बीडीडी चाळीत राहिलेले. या चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर मिळणार, या भरवशावर मुलाच्या आईने त्याचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलले होते. मुलीची जात तिच्या गावात संख्येने आणि जमिनीने मोठी. गावच्या दृष्टीने हा विवाह 'खाली' होता. मी हा शब्द नाइलाजाने वापरतो, कारण पुढचा सर्व पेच त्या एका शब्दावर उभा आहे आणि तो टाळून प्रकरण लिहिणे अप्रामाणिक ठरेल.

तीन वाटा

दिवाळीला घरून निरोप आला की पाहुणे बघायला येणार आहेत, मुलगा फलटणला नोकरीला आहे. तेव्हा दोघे माझ्याकडे आली. मित्रांनी त्यांना एक वाट आधीच सांगितली होती: आळंदी. तेथे विधी, पुरोहित, छायाचित्र आणि प्रमाणपत्राची व्यवस्था एका दिवसात होते, आणि घरून विरोध असलेली असंख्य जोडपी तिकडेच जातात. कायद्याने ही वाट बंद नव्हती. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या व्याख्येत बौद्धही येतात, त्यामुळे त्या कायद्याखाली विधिपूर्वक लागलेला विवाह दोघांना पुढे नोंदवता आला असता. परंतु सप्तपदी आणि होम मुलाच्या घरी मान्य नव्हते. नवस-विधी सोडून दोन पिढ्या झालेल्या आईला मुलाने लपूनछपून वैदिक विवाह करावा, हे पळून जाण्यापेक्षाही जास्त लागले असते.

दुसरी वाट थांबण्याची होती. पाहुणे येऊ द्यावेत, नापसंती सांगावी, वर्षभर असेच काढावे. बहुतेक जोडपी हेच करतात आणि माझ्या अनुभवात बहुतेकांची ती चूक ठरते, कारण घरच्यांना कुणकुण लागतेच आणि मग मुलीची नोकरी सुटते.

तिसरी वाट 1954 च्या विशेष विवाह कायद्याची. यात धर्म, जात, विधी यांचा प्रश्न येत नाही. वधू 18 आणि वर 21 वर्षे पूर्ण, दोघांची संमती, कोणाचाही जोडीदार हयात नसणे आणि निषिद्ध नात्यात नसणे, एवढ्या मुख्य अटी पुरतात. पण येथे वेळ लागतो. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिला आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते, आणि 30 दिवस कोणालाही हरकत घेता येते. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती रद्द होते. या तरतुदीवर टीका पुष्कळ झाली आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये नोटिशीची प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोपवली. मात्र या जोडप्याला मुंबईत नोटीस लावूनच पुढे जायचे होते.

खरा पेच कलम 6 च्या एका पोटकलमात होता. नोटीस देणाऱ्यांपैकी कोणी त्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी नसेल, तर नोटिशीची प्रत त्याच्या कायम वास्तव्याच्या जिल्ह्यातील विवाह अधिकाऱ्याकडे पाठवली जाते आणि तेथेही लावली जाते. मुलीच्या आधार कार्डावर माणचा पत्ता होता. म्हणजे तिने मुंबईत सही केली की तिच्या नावाचा कागद साताऱ्याच्या फलकावर लागणार. सातारच्या कचेरीत गावातला कोणी ना कोणी रोज असतोच.

मी तिला सुचवले की, भाडेकरार आहे, आधी पत्ता बदलून घे, मग नोटीस दे. हा सल्ला आम्ही नेहमी देतो, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. तिने थोडा वेळ विचार केला आणि नाही म्हणाली. पत्ता बदलून लग्न केले तर ती पळाल्यातच जमा होईल, असे तिचे म्हणणे होते. "म्या पळून जानार न्हाय. सांगून जानार हाय." कागद गावी पोहोचण्याआधी आपण स्वतः गावी पोहोचायचे, असे तिने तिथेच ठरवले.

गावी

माझा याला विरोध होता, आणि तो आजही कायम आहे. विरोधाची जाणीव असलेल्या घरात मुलीने एकटीने जाऊन असे सांगणे धोक्याचे असते. फोन काढून घेणे, खोलीत कोंडणे, घाईने दुसरे लग्न लावणे, आणि यापेक्षा वाईट प्रकारही महाराष्ट्रात घडलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या लता सिंह निकालात सज्ञान व्यक्तीच्या निवडीला संरक्षण दिले आणि मार्च 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांसाठी जिल्हावार विशेष कक्ष व सुरक्षित निवासाचे निर्देश दिले, ते उगाच नव्हे. तिचा हट्ट बदलणार नाही हे दिसल्यावर मी जाण्याची रीत तरी सुरक्षित करायचे ठरवले. मूळ प्रमाणपत्रे, नर्सिंगची नोंदणी आणि बँकेची कागदपत्रे मुंबईत खोलीतल्या मैत्रिणीकडे ठेवली. आपण सज्ञान आहोत, स्वेच्छेने विवाह करणार आहोत, आणि कोणी हरवल्याची तक्रार दिल्यास आपला जबाब घ्यावा, असा अर्ज तिने मुंबईतल्या पोलीस ठाण्यात दिला व पोच घेतली. गावी असताना रोज रात्री नऊला फोन करायचा, आणि तो आला नाही तर काय करायचे हे आम्ही ठरवून ठेवले.

एकटी मात्र ती गेली नाही. मामी बरोबर गेल्या. मामांना मुलीने दोन दिवस आधी सांगितले होते, आणि मामा गप्प झाले होते. मुलगी आपल्या घरी राहिली, आपल्या भरवशावर भावजींनी तिला मुंबईला पाठवले, आता भावकीत मान आपली खाली जाणार, हे त्यांचे दुःख होते. ते खोटे नव्हते आणि मुलीने ते कमीही लेखले नाही. मामी मात्र पिशवी भरून उभ्या राहिल्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांना कोणी काही विचारले नव्हते, एवढेच त्या म्हणाल्या.

अंगणात, आजी, आई, वडील म्हणजे अण्णा, भाऊ आणि बारावीतली धाकटी बहीण अशा सर्वांसमोर मुलीने सांगितले. नाव सांगितले, जात सांगितली, पगार सांगितला, आणि साताऱ्याला कागद कोणत्या आठवड्यात लागेल तेही सांगितले. आईने धाकटीला आत नेले. भाऊ आरडाओरडा करून निघून गेला. अण्णांनी एकच विचारले, "ह्ये मला इचारायला आलीस का सांगायला?" ती म्हणाली, "सांगायला." त्यावर ते उठून मेंढरांकडे गेले आणि त्या मुक्कामात पुन्हा बोलले नाहीत. नऊचा फोन दोन्ही रात्री आला.

येथे एक कबुली द्यायला हवी. बातमी फलकावरून कळली असती तर गावाला अण्णांची कीव करायला मोकळीक मिळाली असती, त्यांना आधीच माहीत असल्याने कोणी खबर घेऊन आला तर ते म्हणू शकत होते, "ठावं हाय मला." मुलीने हे गणित केले होते. मी सुरक्षिततेचा हिशेब करत होतो आणि तिने इभ्रतीचाही केला होता. तरीही पुढच्या मुलीला मी हाच सल्ला देईन की जाऊ नको, कारण सगळेच अण्णा उठून मेंढरांकडे जात नाहीत.

हरकत

नोटिशीच्या एकोणिसाव्या दिवशी भावाची लेखी हरकत आली: कुटुंबाची संमती नाही, मुलीला फूस लावली आहे, समाजात बदनामी होईल. सोबत गावाकडच्या ठाण्यात ती हरवल्याची तक्रारही दाखल झाली. तक्रारीचा प्रश्न आधीच्या अर्जामुळे लवकर सुटला. तिने मुंबईत जबाब दिला. हरकतीबाबत लोकांत मोठा गैरसमज आहे. आईवडिलांनी हरकत घेतली की विवाह थांबतो, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात कायद्याच्या कलम 4 मधील अटी मोडत असतील तरच हरकत टिकते. कुटुंबाची नापसंती हे कारणच नाही. पण हरकत आली की विवाह अधिकाऱ्याला चौकशी करावी लागते, त्यासाठी त्याला 30 दिवस असतात, आणि तोवर विवाह लावता येत नाही. त्यामुळे फेटाळली जाणारी हरकतही वेळ मात्र खातेच, आणि धाकदपटशाला तेवढा वेळ पुरेसा असतो.

हरकत छत्तिसाव्या दिवशी फेटाळली गेली. हरकत वाजवी नसेल तर हरकतदाराकडून 1,000 रुपयांपर्यंत भरपाई देववण्याची सोय कायद्यात आहे, आणि मुलाच्या वकिलांनी ती मागू असे सुचवले. मुलीने नकार दिला. ज्याने बकरी विकून शुल्क भरले त्याच्याकडून हजार रुपये घेऊन ती त्याचे काय करणार होती?

त्रेचाळिसाव्या दिवशी विवाह झाला. तीन साक्षीदार लागतात. एक खोलीतली मैत्रीण, दुसरा 'अहो' ऐकलेला सहकारी, आणि तिसऱ्या मामी. मामा कार्यालयाच्या बाहेर रस्त्यापलीकडे उभे होते असे मामींनी नंतर सांगितले. संध्याकाळी नायगावात पंचशील, त्रिसरण आणि खीर झाली. मुलीची रात्रपाळी दुसऱ्याच दिवशी होती.

नंतर

विवाहाला आता सात महिने होत आले. 160 चौरस फुटांत मुलाचे आईवडील, आजी आणि हे दोघे राहू शकत नाहीत, म्हणून शिवडीला भाड्याची खोली घेतली आहे. आंतरजातीय विवाहासाठी शासन देत असलेल्या 50,000 रुपयांच्या प्रोत्साहनपर साहाय्याचा अर्ज तयार आहे, पण दोघांच्या पाळ्या जुळत नसल्याने समाजकल्याण कार्यालयात एकत्र जाणे अजून जमलेले नाही. सासूने भाकरी थापण्यावरून दोनदा टोमणा मारला आणि मुलीने दोन्हीदा उत्तर दिले, अशी तक्रार मुलाने माझ्याकडे केली. ती मी नोंदवून घेतली आणि पुढे काही केले नाही.

गावाकडे जे घडले ते इतके हलके नाही. सिद्धनाथाच्या रथयात्रेच्या वेळी अण्णांच्या घरी जेवायला नेहमीची चार घरे आली नाहीत. 2016 च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा ठरला आहे, पण जेवायला न येणे कोणत्या कलमात बसवायचे? धाकटीच्या स्थळाची जी बोलणी आधीपासून चालू होती, ती थांबली. धाकटीने त्यावर सुटलो असा निरोप थोरलीला पाठवला आहे. आईच्या मनात मात्र तो घाव आहे, आणि मुलीला तो रोज दिसतो. तिने निवडलेल्या गोष्टीची किंमत तिच्याखेरीज इतरांनीही भरली, हे ती स्वतः सांगते आणि मी ते पुसून टाकणार नाही.

अण्णांनी तिला फोन केलेला नाही. मामांना मात्र ते करतात, आणि बोलणे संपता संपता विचारतात की रात्रपाळी असली की ती घरी कशी जाते. मामा सांगतात, जावई न्यायला येतात. 'जावई' हा शब्द मामांनी पहिल्यांदा केव्हा वापरला ते कोणाच्याच लक्षात नाही.

शिवडीच्या खोलीचा भाडेकरार झाल्यावर आधारवरचा पत्ता बदलून घेण्यासाठी मी तिला पुन्हा फॉर्म दिला, कारण गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडे अडते. मुलाने आपला पत्ता बदलला. तिच्या फॉर्मवर शेवटच्या भेटीपर्यंत काही लिहिलेले नव्हते. तिच्या कार्डावर अजून माणचाच पत्ता आहे.